फिल हिलवर पाय उचलला गेला

शनिवार, रात्री

ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला गेला. मी उचलला नाही, तो उचलला गेला, आणि जवळजवळ प्रत्येक फेरीला. रात्रीचे अकरा वाजून गेले तरी डोक्यात तेवढंच चाललंय.

कॅलिफोर्नियातल्या बटनविलोच्या रेसट्रॅकवर आज उलट दिशेने गाड्या सोडल्या. एरवी आम्ही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जातो. तेरा नंबरचं कॉन्फिगरेशन, म्हणजे वळणांची एक ठरलेली आखणी, तीनेक मैलांचा ट्रॅक, चहूकडे सपाट रान, आणि कुणाचं चाक जरा डांबराबाहेर गेलं की धुळीचा हा लोट. इथे दोन्ही दिशांनी चालवतात हे मला काही आज कळलं नाही. पण माझ्या वाट्याला आजवर सुलटच आलं होतं, आणि त्या दिशेने मला विचार करावा लागत नाही. ब्रेक कुठे सोडायचा, गाडीची मागची बाजू कुठे हलकी होते, सनसेट नावाच्या वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग केव्हा सैल सोडायचं, सगळं हातापायांना ठाऊक आहे.

सकाळच्या ब्रीफिंगला सांगितलं होतं, हा नवा ट्रॅक आहे असं समजून चालवा. मान डोलावली. मनात म्हटलं, नवा कसला! सनसेट, स्वीपर, एसेस, फिल हिल, रिव्हरसाइड, वळणं तीच. उलट्या क्रमाने म्हणायचं, झालं.

तसं होत नाही. वळणाचा शेवट म्हणजे गाडी मोकळी सोडायची जागा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ती बाहेरच्या कडेपर्यंत वाहू द्यायची. उलट जाताना त्याच जागी आपण भरधाव येऊन पोचतो आणि ब्रेक मारायचा असतो. वर्षानुवर्षं जिथे सुटल्यासारखं वाटलं, तिथेच आता आवळायचं. डांबराला एका ठिकाणी काळं ठिगळ आहे, ती माझी ब्रेकची खूण. आज ते ठिगळ मला ओलांडून गेल्यावर दिसत होतं.

हे सगळं तासाभरात जमलं. जमलं नाही ते फिल हिल.

१९६१ चा फॉर्म्युला वन विजेता, त्याच्या नावाचं ते टेकाड. वर चढताना पलीकडचं काही दिसत नाही, काचेत नुसतं आभाळ. सुलट जाताना मी तिथे पाय जराही हलवत नाही. उलट जातानाही आभाळ तेच. पलीकडे रिव्हरसाइड आहे हे मला माहीत आहे. मला तिथलं डांबर माहीत आहे, ते कुठे खडबडीत आहे ते माहीत आहे. आणि तरी चढाच्या शेवटाला पाय वर.

भाचा भाड्याच्या गाडीत होता. त्याने हा ट्रॅक जन्मात पहिल्यांदा पाहिला आणि तो त्या टेकाडावरून न थबकता जात होता. एका सेशननंतर जवळ येऊन म्हणाला, "मावशी, गाडी बरी आहे ना तुझी?" गाडी बरी आहे म्हटलं. तोवर मी खिडकीतून हात काढून मागच्यांना पुढे जायची खूण करत होते, एकामागून एक, आणि दुपारपर्यंत दंड उन्हाने भाजून निघाला. मग वाटलं, इतकी वर्षं मी काय शिकले? रस्ता वाचायला शिकले, की एकच कविता घोकली? आज कुणी शेवटच्या ओळीपासून म्हणायला लावली तर तोंडातून शब्द फुटेना. भाच्याचं कौतुक वाटलं नाही. वाटायला हवं होतं. ते असो.

  

नवरा म्हणाला, "पुण्याहून इथे आलीस तेव्हा डावीकडे बसून, उजव्या बाजूने चालवायला शिकलीसच ना? तसंच हे." तसं नाही हे. तेव्हा मी घाबरलेली होते आणि घाबरलेय हे मला कळत होतं. पाय उचलला तर मीच उचलत होते. आज भीती शोधूनही सापडत नाही. टेकाडाकडे येताना मी ठरवते, या वेळी नाही, आणि पाय माझं ऐकत नाही.

मघाशी ब्रँड्स हॅचबद्दल वाचत बसले. इंग्लंडात केंटमधला तो ट्रॅक १९५४ पर्यंत घड्याळाच्या उलट दिशेने चालायचा. मग ड्रुइड्सचं वळण जोडलं आणि त्याची दिशाच फिरवली. त्याआधी तिथे वर्षानुवर्षं धावलेली माणसं त्या हंगामात परत आली असतील. त्यांचे पाय कुठे कुठे उचलले गेले, कुणी लिहून ठेवलंय का? मला ते वाचायचंय.

शेवटच्या सेशनला मात्र एक झालं. इथे आपण डावीकडे बसतो, आणि सुलट जाताना उजवी वळणं जास्त, म्हणजे आतला कर्ब, वळणाच्या कडेचा रंगवलेला उंचवटा, पलीकडच्या सीटच्या बाजूला. मी तो आजवर अंदाजानेच गाठत आले. आज तो माझ्या दाराशी होता. उडालेला रंग, त्यावर घासून बसलेलं काळं रबर, फटीतलं वाळकं गवत, सगळं खिडकीच्या खाली. एका लांब वळणात डावं चाक मी त्यावर अलगद टेकवलं आणि हेल्मेटच्या आत मोठ्याने हसले. माझ्याच ट्रॅकचा कर्ब मी इतक्या जवळून कधी पाहिलाच नव्हता!

त्यानंतर फिल हिलवर पायाशी भांडले नाही. उचलला की परत ठेवायचा. तसा तो सुलट दिशेनेही सुरुवातीला उचलला जात असणारच. कधी थांबला ते आठवत नाही. एखाद्या दिवशी कुणालाही न सांगता थांबला असेल, आणि मीही लक्ष दिलं नसेल. मग यालाही थोडे दिवस देऊ.

मान उजवीकडे धरलीय, नेहमी दुसरी बाजू दुखते. पुढच्या उजव्या टायरवर रबराचे दाणे आलेत, डावा अजून गुळगुळीत. उद्या सकाळी दोन्हींची अदलाबदल करायची, भाच्याला जॅक काढून ठेवायला सांगितलंय. आणि त्याला विचारायचंय, टेकाडावर पोचताना तो नेमका कुठे बघतो.