लेकी बोले, सुने लागे

काल जुना स्कॅनर नव्या संगणकाला जोडत होतो. त्याचा ड्रायव्हर टाकायला घेतला, तोच स्क्रीन काळवंडली आणि मधोमध चौकट उभी राहिली: या ॲपला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का? 'होय' दाबून मोकळा झालो. चौकट गेल्यावर लक्षात आलं, कुठलं ॲप, कुणी बनवलेलं, यातलं काहीही वाचलं नव्हतं. परवानगी मी दिलीच नव्हती. परस्पर बोटाने देऊन टाकली होती.

वास्तविक ती स्क्रीन उगाच काळवंडत नाही. तेवढा वेळ बाकीचे प्रोग्रॅम बाजूला ढकललेले असतात, म्हणजे त्यांच्यातल्या एखाद्या लबाडाने स्वतःच 'होय' दाबू नये. एवढा बंदोबस्त करून शेवटी बटण कुणाच्या हाती, तर माझ्या!

ही चौकट घरोघर पोचली २००७ साली, विंडोज व्हिस्टाबरोबर. त्याआधी विंडोज एक्सपीच्या काळात घरचा संगणक वापरणारे बहुतेक जण ॲडमिनच असत, म्हणजे संगणकात हवा तो बदल करायची मुभा असलेले. मग त्यांनी चालवलेला प्रोग्रॅमही ॲडमिन, आणि त्याच्या आडून शिरलेला व्हायरसही ॲडमिन. व्हिस्टाने विचारायला सुरुवात केली ती अशी, की घड्याळाची वेळ बदलायलाही परवानगी. लोक इतके कावले की अनेकांनी ते विचारणंच बंद करून टाकलं.

गंमत पुढे आहे. २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या आरएसए या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत मायक्रोसॉफ्टचे डेव्हिड क्रॉस यांनी सरळ सांगून टाकलं, की ही सोय लोकांना वैताग यावा म्हणूनच केली होती. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना गरज नसताना ॲडमिनचे अधिकार मागायची खोड जडली होती. त्यांच्या गिऱ्हाइकांना छळलं, की गिऱ्हाइकं त्यांच्या मागे लागतील, असा हिशेब. लेकी बोले, सुने लागे! सुना काही अंशी सुधारल्याही. लेक मात्र ऐकून ऐकून कोडगी झाली.

खरा चोर तर विचारतच नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारं व्हायरससारखं प्रकरण, पसरलं ते विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका भगदाडातून. त्यासाठी कुणाला 'होय' दाबावं लागलं नाही. भगदाड बुजवणारं अपडेट मार्चमध्येच येऊन पडलं होतं. अपडेट बिचारं विचारतं, आत्ता रीस्टार्ट करू का? आणि एरवी होयबा असलेलं आपलं बोट नेमकं इथे 'नंतर' म्हणतं.

स्कॅनर काही पहिल्या फटक्यात चालला नाही. ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागला. पुन्हा काळोख, पुन्हा चौकट. या वेळी हात मांडीवर ठेवून अक्षर न् अक्षर वाचलं. 'प्रकाशक: अज्ञात.' बराच वेळ नुसता बघत बसलो. स्कॅन केलेला कागद संध्याकाळच्या आत पाठवायचा होता.