कर्मचाऱ्यांच्या चाचणीसाठी सॉफ्टवेअर निवडताना

आमच्याकडे यंत्र चालवण्याची परवानगी सुरक्षेच्या लेखी चाचणीवर ठरते. ती चाचणी ऑनलाइन घ्यायचं ठरलं आणि सॉफ्टवेअर शोधायचं काम माझ्याकडे आलं.

डेमोमध्ये सगळंच छान दिसतं. म्हणून मी ट्रायल खाती मागून घेतली आणि त्यात आमचेच प्रश्न भरले: आकृत्यांचे, मराठीतले, एकाहून जास्त उत्तरं बरोबर असलेले. चाचणी अर्ध्यावर असताना मुद्दाम इंटरनेट बंद केलं. एका सॉफ्टवेअरमध्ये नेट परत आल्यावर पुन्हा पहिला प्रश्न समोर आला. उत्तरं कोरी, वेळ मात्र पुढे सरकलेली. ते मी तिथेच यादीतून काढलं. दुसऱ्यात प्रत्येक उत्तर निवडताक्षणी सेव्ह होत होतं.

प्रश्नसंच बाहेर काढता येतो का, हेही पाहिलं. क्यूटीआय हे त्यासाठीचं खुलं मानक, पण ‘क्यूटीआय चालतं’ एवढ्या उत्तरावर थांबू नका, आवृत्ती विचारा. १.२ आणि २.१ यांची रचनाच वेगळी आहे. मी एकीकडची फाइल दुसरीकडे चढवली, तर मजकूर आला आणि आकृत्या गळाल्या.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग मात्र प्रश्नवार अहवालाचा. वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के गुणवाले घ्यायचे, दोन्ही गटांत एखादा प्रश्न किती जणांना जमला त्यातला फरक काढायचा. चांगल्या प्रश्नात तो वरच्या गटाच्या बाजूने असतो. आमचे जुने पेपर भरून पाहिले, तेव्हा विजेच्या पॅनेलला लागलेल्या आगीच्या प्रश्नाचा आकडा उणे आला. पर्यायांत कार्बन डायऑक्साइड आणि ड्राय पावडर, दोन्ही प्रकारचे अग्निशामक होते. दोन्ही चालतात, पण उत्तरसूचीत एकच बरोबर! जाणकार माणसांचेच गुण जात होते. नुसती बेरीज दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे कधीच दिसलं नसतं.

कॅमेऱ्याने नजर ठेवण्याची सोय घेतली नाही. चाचणी एका खोलीत, पर्यवेक्षकासमोर होते. तिथे लोकांचे चेहरे रेकॉर्ड करायचं कारणच नाही.

शेवटी प्रश्नवार अहवाल नीट देणारंच सॉफ्टवेअर घेतलं. करार संपल्यावर सगळे प्रश्न आणि प्रत्येकाची प्रश्नवार उत्तरं आम्हाला परत मिळतील, हे कलम सही करण्याआधी घालून घेतलं.