गांडुळासमोर पियानो

परवा दुपारी भाची जमिनीवर पालथी पडून काहीतरी रंगवत होती, मध्येच मान वर न करता तिनं विचारलं, "मावशी, गांडुळाला ऐकू येतं का गं?" मला पासवर्ड आठवत नाहीत, लोकांची नावं आठवत नाहीत, आत्ता ह्या खोलीत कशाला आले होते तेही बऱ्याचदा आठवत नाही, पण ह्याचं उत्तर असं धाडकन तोंडातून बाहेर पडलं की माझी मीच चकित. "नाही येत. डार्विननं बघितलंय." जणू डार्विन वरच्या मजल्यावर राहतो आणि सकाळीच जिन्यात भेटला होता.

पण खरंच बघितलंय हो त्यानं. कुंड्यांत गांडुळं पाळली होती. त्यांच्याजवळ शिट्टी फुंकून बघितली, बासून नावाचं खर्जातलं वाद्य वाजवून झालं, ओरडून झालं (आपला श्वास त्यांच्या अंगावर जाऊ नये ह्याची काळजी घेऊन, हे मला फार आवडतं), मग कुंड्या पियानोजवळ ठेवून तो जमेल तितक्या जोरात वाजवला. गांडुळं ढिम्म. शेवटी त्याच कुंड्या उचलून थेट पियानोवर ठेवल्या आणि खालच्या सप्तकातला एक सूर दाबला, तशी दोन्ही गांडुळं झटकन बिळात. म्हणजे आवाज कळत नाही, हादरा कळतो. ज्या माणसानं माणसाच्या वंशावळीवरून अख्ख्या जगाला कामाला लावलं त्याचं शेवटचं पुस्तक गांडुळांवर आहे, १८८१ सालचं, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये तो गेला.

त्यातच ती खडूची गोष्ट आहे. १८४२ च्या डिसेंबरात त्यानं घराजवळच्या कुरणाच्या एका भागावर खडूचे तुकडे पसरले आणि वाट बघत बसला. बसला म्हणजे मधल्या काळात बाकीचं सगळं केलं, पण खडू विसरला नाही. १८७१ मध्ये तिथे चर खणला तर खडू ७ इंच खाली गेलेला, कारण गांडुळं इतकी वर्षं खालची माती खाऊन वर आणून टाकत होती. २९ वर्षं! आणि आपल्याला पान उघडायला चार सेकंद लागले की आपण फोन आपटतो.

तर मुद्दा असा (मुद्दा आहे का, बघू) की अशी सामान्य वाचकांसाठी लिहिलेली विज्ञानाची पुस्तकं मी भरपूर वाचलीयत, विश्वाची, मेंदूची, आकड्यांची, मुंग्यांची, आणि त्यातले मोठे सिद्धांत विचारलेत तर मी खिडकीबाहेर बघेन. माझ्या डोक्याची चाळणी अशी आहे की पीठ सगळं खाली जातं आणि कोंडा तेवढा वर राहतो. कृष्णविवराचं काय ते नीट सांगता येणार नाही पण हॉकिंग ह्या भौतिकशास्त्रज्ञाला कुणीतरी बजावलं होतं की पुस्तकात घातलेल्या प्रत्येक समीकरणामागे खप निम्मा होईल, म्हणून त्यानं एकच समीकरण ठेवलं, हे मात्र झोपेतून उठवलंत तरी सांगेन.

अशा पुस्तकांनी बुद्धीला धार येते म्हणे. मागच्या कव्हरवर तर हमखास लिहिलेलं असतं. माझा अनुभव असा की धार वगैरे काही येत नाही, आपण फक्त चारचौघांत थोडे असह्य होतो. ऑफिसात एकदा कुणाच्या तरी वाढदिवसाला केक कापताना मला राहवलं नाही, मी म्हटलं की नुसती २३ माणसं जमली तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, चला आपण बघू. आम्ही तीसेक जण असू. सगळ्यांनी तारखा सांगितल्या आणि अकाउंट्समधल्या दोघी चक्क एकाच दिवशीच्या निघाल्या. मी विजयी चेहऱ्यानं बघतेय, आणि लोक काय म्हणाले? "अय्या, काय योगायोग!" गणिताची सगळी हवाच काढून घेतली. पुढे त्या दोघींची घट्ट मैत्री झाली ती वेगळी गोष्ट.

माझी एक खोड सांगते. मी ही पुस्तकं मागून उघडते, आधी सूची. तिथे कबुतर, त्याखाली कर्करोग, त्याखाली कलनशास्त्र असे शेजारी दिसले की जीव हरखतो. सूचीत एकही प्राणी नसेल तर मला पुस्तकाबद्दल शंका येते. आणि ज्यात मूळ ऐवज एका मोठ्या लेखाएवढाच आहे पण ओढून ताणून तीनशे पानं केलीयत, वर दोन ओळींचं उपशीर्षक की आता तुमचं आयुष्य बदलणार, ती मी नुसती चाळून ठेवून देते.

लहानपणी घरात एक पुस्तक होतं, कव्हर गेलेलं, सुरुवातीची पानं गेलेली, त्यामुळे त्याचं नाव काय नि कुणी लिहिलं हे कधीच कळलं नाही. त्यात घरच्या घरी करायचे प्रयोग होते. एका संध्याकाळी दिवे गेले, मेणबत्ती लावली, आणि दादाला त्यातलं एक पान आठवलं. त्यानं मेणबत्ती हळूच फुंकली, अगदी हलकी. वातीतून पांढऱ्या धुराचा एक दोरा सरळ वर निघाला. दादानं पेटलेली काडी वातीला लावलीच नाही, वर दोन बोटं अंतरावर त्या धुरात धरली, आणि ज्योत धुरावरून फर्रकन खाली पळत जाऊन वातीवर बसली. मी किंचाळले. मग पुन्हा कर, पुन्हा कर, असं करत आख्खी काडेपेटी संपली आणि दिवे आले तेव्हा आम्हाला राग आला. तो धूर म्हणजे मेणाची वाफ, म्हणजे मेणबत्तीत जळतं ते खरं तर तेच, हे पुस्तकात होतं, आणि फॅरेडे नावाचा शास्त्रज्ञ हाच प्रयोग लंडनला मुलांसमोर करून दाखवायचा हेही होतं.

फॅरेडेचं बाकीचं खूप नंतर वाचलं. तो मुळात बाईंडिंगवाल्याकडे उमेदवारी करणारा पोरगा, बांधायला आलेली पुस्तकं वाचत बसायचा. त्यात जेन मार्सेट नावाच्या बाईंचं रसायनशास्त्रावरचं एक पुस्तक हाती आलं, दोन मुली नि त्यांची शिक्षिका गप्पा मारतायत असं लिहिलेलं, आणि त्यावर सुरुवातीला बाईंनी स्वतःचं नावही घातलं नव्हतं. पुढे फॅरेडेनं ह्या पुस्तकाचं ऋण मोकळेपणानं मान्य केलं. आमच्या कव्हर फाटक्या पुस्तकाला तेव्हा असा एक बाईंडर मिळायला हवा होता असं मला उगाच वाटत राहतं.

एक वैताग मात्र आहे. ही पुस्तकं शिळी होतात आणि तसं तोंडावर सांगत नाहीत. जिभेच्या टोकाला गोड नि मागे कडू कळतं तो नकाशा किती पुस्तकांत छापला गेला, तर तो निघाला १९०१ च्या एका जर्मन निबंधाच्या चुकीच्या वाचनातून. पालकाचं तर त्याहून भारी. पालकात लोह खूप हा गैरसमज दशांश चिन्ह चुकल्यामुळे पसरला, असं गैरसमज खोडून काढणाऱ्या पुस्तकांनी वर्षानुवर्षं सांगितलं, आणि २०१० मध्ये एका ब्रिटिश गुन्हेगारीशास्त्रज्ञानं मुळाशी जाऊन शोधलं तर त्या दशांश चिन्हाच्या गोष्टीलाच पुरावा सापडेना. घ्या. आता चोर कुणाला म्हणायचं?

त्यामुळे हल्ली मला आपल्या हातानं करून बघता येईल तेवढंच आवडतं. उदाहरणार्थ पौर्णिमेचा चंद्र उगवताना केवढा मोठ्ठा दिसतो ना, तेव्हा हात पूर्ण ताठ करून करंगळीचं नख त्याच्यावर धरा. सहज झाकला जातो, वर जागा उरते. मग मध्यरात्री तो डोक्यावर आल्यावर पुन्हा तेच नख धरा, तेवढाच आहे. मोठेपणा सगळा आपल्या डोक्यात. आता हे वाचून तुम्ही गच्चीत जाणार, मला माहितीय. अमावास्या असेल तर मी काही करू शकत नाही.