अमेरिकेला न गेलेल्या बहिणीच्या शोधात

माझ्या अमेरिकन सासऱ्यांचे पणजोबा १८८२ साली नॉर्वेतल्या वॉसहून निघाले आणि मिनेसोटात शेती करून राहिले. त्या एका वर्षात नॉर्वेतून अठ्ठावीस हजारांवर माणसं परदेशी गेली, बहुतेक सगळी अमेरिकेलाच. देशाची लोकसंख्या तेव्हा वीस लाखसुद्धा नव्हती. पणजोबांची धाकटी बहीण मात्र मागे राहिली. काही वर्षं तिची पत्रं आली, मग बंद झाली. तिच्या वंशातलं कुणी भेटतं का, हे बघायला सासऱ्यांबरोबर मी आणि नवरा निघालो.

बर्गनहून वॉसला आगगाडीने सव्वा तास लागतो. एका बाजूला फ्योर्डचं पाणी, दुसरीकडे कडा, मधूनमधून बोगदे. हा मार्ग सुरू झाला १८८३ साली, म्हणजे पणजोबा निघाले त्याच्या पुढच्याच वर्षी. सासरे म्हणाले, "आमच्या घराण्याला घाई फार!"

शोधाशोध खरी घरीच झाली होती. नॉर्वेचं सरकारी अभिलेखागार जुन्या जनगणना आणि चर्चच्या नोंदवह्या इंटरनेटवर फुकट दाखवतं. अडचण नावांची. तिथे कायमचं आडनाव सक्तीचं झालं १९२३ साली. त्याआधी ओलेचा मुलगा ओल्सन, मुलगी ओल्सदात्तेर, आणि त्यापुढे राहत्या शेताचं नाव. शेत बदललं की तेही बदलायचं. नाशिकहून बिऱ्हाड साताऱ्याला हलवलं की नाशिककरांचे सातारकर व्हावेत, तसं. त्यात लग्न होऊन दुसऱ्या शेतावर गेलेली मुलगी शोधायची, म्हणजे त्या नावाच्या पंचक्रोशीतल्या सगळ्या बायकांच्या जन्मतारखा पडताळत बसायचं.

त्यातच एक वेगळं प्रकरण निघालं. सासरची मंडळी जे आडनाव लावतात, ते वॉसमधल्या एका शेताचं. "आमचं शेत" असंच ते सांगत आले. १८६५च्या जनगणनेत मात्र हे कुटुंब त्या शेतावरचे ‘हुसमन’ म्हणून नोंदलेलं, म्हणजे कूळ. मालकाच्या जमिनीच्या कडेला घर, कसायला एखादा तुकडा आणि बदल्यात मालकाकडे राबणं. त्या जनगणनेत जनावरं आणि पेरणीसुद्धा मोजली आहे: एक गाय, सहा मेंढ्या, थोडे बटाटे. जहागीर सोडून कुणी बोटीवर चढत नाही, हे मला आधीच वाटत होतं. सासरे दोन दिवस गप्प होते.

वॉसचं दगडी चर्च १२७७ सालचं. १९४०च्या एप्रिलमध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात भोवतालचं गाव जळालं, चर्च राहिलं. सासऱ्यांनी तिथे बहिणीचं थडगं शोधलं, पण मिळालं नाही. नॉर्वेत थडग्याची जागा भाड्याची. वीसेक वर्षांनंतर नातलगांनी भाडं भरलं नाही, तर ती दुसऱ्याला देता येते.

जे चर्चच्या आवारात मिळालं नाही, ते ग्रंथालयात मिळालं. बहुतेक नॉर्वेजियन गावांना ‘बिग्देबोक’ असतं, म्हणजे शेतवार लिहिलेला गावचा इतिहास, घराण्यांच्या याद्यांसकट. वॉसचं चार खंडांचं आहे. त्यात बहिणीचं सासर सापडलं आणि ग्रंथपालबाईंनी तिथल्या तिथे फोन उचलला.

बहिणीच्या पणतीने, एका निवृत्त शिक्षिकेने, आम्हाला कॉफीला बोलावलं. वॉफल, ब्राऊन चीज आणि टेबलावर पत्र्याचा डबा: अमेरिकेतून आलेली पत्रं आणि फोटो. पत्रं का थांबली, ते तिला आजीकडून ठाऊक होतं. भावाने बोटीचं तिकीट पैसे भरून पाठवलं होतं. त्या काळी असं सर्रास चाले. बहीण गेली नाही. तिचं इथेच जमलं होतं. भाऊ रागावला.

"तिकिटाचे पैसे मागायला आलात का?" तिने विचारलं.

"व्याजासकट," सासरे म्हणाले.

मग डबा रिकामा झाला. फोटोंमागे नावं नव्हती. तिच्या घरात ते चेहरे ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. सासरे पेन्सिल घेऊन एकेकाच्या मागे नाव लिहीत गेले. तीन मिशीवाल्यांवरून अडले, तेव्हा आयोवातल्या आतेबहिणीला व्हिडिओ कॉल लावला. तिने दोघांची नावं सांगितली. तिसरा म्हणे नात्यातला नाहीच, शेजारचा स्वीडिश!