आग फटीतून शिरते

वणव्याच्या पट्ट्यात घर बांधताना सगळा जीव भिंतींवर ओतला जातो. विटांची भिंत जाडजूड केली की निर्धास्त! प्रत्यक्षात बरीचशी घरं पेटतात ती वाऱ्यावर उडत आलेल्या ठिणग्यांनी. वणवा किलोमीटरभर लांब असतानाही त्या येऊन पडतात आणि आत शिरायला बोटभर फट पुरते. त्यामुळे खर्च आधी छपरावर, मग झरोक्यांवर आणि खिडक्यांवर करावा.

कौलं जळत नाहीत, पण नळीच्या कौलांची वळचणीकडची तोंडं उघडी असतात. तिथे पक्षी काड्या आणून ठेवतात, त्यावर ठिणगी पडली की खालचे वासे पेट घेतात. ही तोंडं सिमेंटच्या मालाने बुजवा. दोन उतार मिळतात त्या खोबणीत आणि पन्हळीत पालापाचोळा साठतो. पन्हळ पत्र्याचीच हवी. प्लॅस्टिकची वितळून खाली पडते आणि भिंतीच्या पायथ्याशी जळत राहते.

माळ्याचे झरोके बंद करू नका, ओल धरते. गंजरोधक धातूची जाळी बसवा, भोक 3 मिमीपेक्षा मोठं नको. 1.5 मिमीहून बारीक घेतली तर धुळीने आणि रंगाने बुजते. प्लॅस्टिकची मच्छरजाळी इथे कुचकामी.

खिडकीची काच बहुधा भिंतीच्या आधी हार खाते. मधला भाग तापून फुगतो, चौकटीखाली झाकलेली कड मात्र थंड राहते. त्या ताणाने काच तडकते आणि वाट मोकळी होते. दुहेरी काच घ्या, निदान बाहेरची टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली. कारखान्यात टफन्ड केलेली काच नंतर कापता येत नाही, म्हणून चौकटीची मापं आधी पक्की करा.

बाहेरून लाकडी आवरण असेल तर ते जमिनीपासून किमान 15 सेंमी वर संपवा. भिंतीलगतच्या 1.5 मीटर पट्ट्यात फक्त खडी किंवा फरशी. झुडूप नको, सरपण तर नकोच. लाकडी कुंपण थेट घराला टेकलेलं असेल तर ती वातच समजा. शेवटचा दीड मीटर लोखंडी करा.

एवढं झाल्यावर भिंतीची जाडी ठरवायला बसा.