थेल्मा एस्ट्रिन यांनी शोध काय लावला? तुम्ही विचारलंत म्हणून

बायोमेडिकलच्या मुलांसमोर थेल्मा एस्ट्रिन यांचं, म्हणजे मेंदूच्या संशोधनासाठी संगणक वापरात आणणाऱ्या अमेरिकन अभियंत्या बाईंचं, नाव घेतलं की प्रश्न ठरलेला: "मॅडम, पण त्यांनी नेमका शोध काय लावला?" त्याला जोडून दुसरा, जरा दबक्या आवाजात: नवरा जेराल्ड एस्ट्रिन संगणकातला मोठा माणूस, म्हणून यांचंही नाव झालं ना? दोन्हींचं उत्तर एकदाच देऊन टाकते.

पदांचं आधी उरकू. विस्कॉन्सिन विद्यापीठाची १९५१ची विद्युत अभियांत्रिकीतली पीएचडी. न्यूयॉर्कच्या न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद, विभागात काम. १९५४-५५मध्ये इस्राएलचा पहिला संगणक, वायझॅक, उभारणाऱ्या गटात. पुढे लॉस एंजेलिसला यूसीएलएच्या (तिथलं कॅलिफोर्निया विद्यापीठ) ब्रेन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९६१ साली डेटा प्रोसेसिंग लॅबोरेटरी उभी केली, १९७० ते ८० तिच्या संचालक. १९७७मध्ये आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संघटनेच्या फेलो. झालं. यात ज्याला नाव देता येईल असा 'शोध' नाही, कबूल.

पण काम काय होतं ते बघा. त्या काळी ईईजी म्हणजे कागद. सेकंदाला ३० मिलिमीटर सरकणारा, म्हणजे तासाभराच्या नोंदीला १०८ मीटर. तो वाचायचा डोळ्यांनी. संगणकाला कागद निरुपयोगी, त्याला आकडे लागतात. डोक्यावरचे इलेक्ट्रोड आणि संगणक यांच्यामध्ये जे काही बसवायचं, ते बाईंचं काम. आज ते सगळं नखाएवढ्या चिपमध्ये मावतं, म्हणून सोपं वाटतं.

टाळूवर मिळणारा सिग्नल १० ते १०० मायक्रोव्होल्टचा. तो आधी ॲम्प्लिफायरने वाढवायचा, मग लो-पास फिल्टरमधून (जो फक्त संथ लहरी पुढे जाऊ देतो आणि वेगवान अडवतो) न्यायचा, मग ठरावीक अंतराने त्याचे नमुने घ्यायचे आणि शेवटी प्रत्येक नमुन्याचा आकडा करायचा. हा क्रम चुकला की घात. लॉस एंजेलिसची वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० लाटांची. फिल्टर न लावता सेकंदाला ५० नमुने घेतलेत, तर विजेची गुणगुण आकड्यांत १० हर्ट्झची लाट होऊन उतरते. साठातून पन्नास वजा. आणि डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या माणसाच्या मेंदूची लय, जिला अल्फा म्हणतात, असते ८ ते १३ हर्ट्झ! म्हणजे भिंतीतल्या वायरची नोंद मेंदूच्या नावावर जमा. नंतर कितीही डोकं लावा, ती काढता येत नाही, कारण खरी दहा आणि खोटी दहा आकड्यांत अगदी एकसारख्या दिसतात.

"मग नमुने वाढवा की." वाढवा. २०० करा. साठ आता साठच राहते. पण रुग्णाने नुसते दात आवळले की कानशिलाच्या स्नायूतून शेकडो हर्ट्झपर्यंतचे सिग्नल येतात, आणि त्यातला १९० हर्ट्झचा भाग (दोनशेतून एकशे नव्वद वजा) पुन्हा दहावरच येऊन बसतो. म्हणून फिल्टर नमुन्यांच्या आधी हवा, आणि तो ॲनलॉगच, म्हणजे आकडे होण्याआधीच्या सिग्नलवर चालणारा. २०० नमुन्यांना त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे १०० हर्ट्झच्या, वरचं काहीही आत येता कामा नये. फिल्टर मात्र सत्तरच्या आसपास लावायचा, कारण तो सुरीसारखा कापत नाही, हळूहळू उतरत जातो.

अजून एक. प्रकाशाच्या चमकेला मेंदू देतो तो प्रतिसाद एका नोंदीत दिसतच नाही. १०० नोंदींची सरासरी काढली की गोंगाट दहापट घटतो. पण चमक बरोब्बर सेकंदाला एक ठेवलीत, तर दोन चमकांमध्ये विजेच्या पूर्ण ६० लाटा बसतात. दर वेळी ती लाट त्याच टप्प्यावर सापडते आणि सरासरीत पुसली न जाता तशीच उरते. चमकांमधलं अंतर मुद्दाम थोडं कमीजास्त ठेवावं लागतं. हे डॉक्टरांना सांगायला अभियंता लागतो, आणि त्या अभियंत्याला अल्फा म्हणजे काय हे ठाऊक असावं लागतं.

आता नवऱ्याचं. वायझॅकचे प्रमुख जेराल्डच होते आणि बाई त्यांच्याबरोबरच तिथे गेल्या. हे लपवण्यासारखं नाही. पण यूसीएलएत जेराल्ड अभियांत्रिकीत प्राध्यापक, आणि विद्यापीठाचा तेव्हाचा नियम असा की नवरा-बायको एका विभागात नकोत. नियम कागदावर दोघांनाही लागू. बाहेर कोण राहिलं, हे वेगळं सांगायला नको. पीएचडी होती, संगणक उभारल्याचा अनुभव होता, तरी अभियांत्रिकीत जागा नाही. नवऱ्यामुळे नाव झालं म्हणता? त्याच्यामुळे दार बंद झालं, हेही मग त्याच दमात म्हणा. संगणकशास्त्र विभागात प्राध्यापकपद मिळालं ते १९८० साली, पीएचडीनंतर २९ वर्षांनी.

पूर्वी मी खुशाल सांगायचे की दार बंद झालं ते एका परीने बरंच झालं, नाहीतर बाई मेंदूकडे वळल्याच नसत्या. आता ते म्हणवत नाही. ईईजी त्यांनी न्यूयॉर्कलाच हाताळला होता, या नियमाशी गाठ पडण्याच्या कितीतरी आधी. वळायला नियम लागला नव्हता. पण लगेच असंही वाटतं, अभियांत्रिकीत असत्या तर मेंदू संशोधकांच्या शेजारी बसून त्यांच्या प्रयोगांना वायरी जोडत बसल्या असत्या का? विभागात बढती मिळते ती स्वतःच्या पेपरवर. दुसऱ्याचा प्रयोग चालता करून दिला, तर फार तर आभाराच्या ओळीत नाव येतं. मग वाटतं, असत्याही बसल्या, त्यांना विचारलंच कुठे कुणी? यावर माझं माझ्याशीच जमत नाही. १९८०मध्ये बाई ५६ वर्षांच्या होत्या.