उसन्या नवसाची वारी

नवस काकी बोलल्या होत्या. आम्हाला न विचारता.

शेजारच्या काकी माळकरी. आमच्या ह्यांची चौथी केमो झाली त्या आठवड्यात त्या कोल्हापुरातल्या मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरात जाऊन सांगून आल्या, की भाऊ उठले तर आषाढीला प्रतिपंढरपूर नंदवाळला पायी येईन आणि त्यांच्या घरचं एक माणूस संगं आणीन. मला हे कळलं ते सगळं उरकल्यावर, पेट स्कॅन चांगला आल्याचे पेढे द्यायला गेले तेव्हा.

"वहिनी, आता तुमास्नी यायला लागतंय. शब्द दिलाय मी."

आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, न्यू शाहूपुरीतल्या वायल्डर मेमोरियल चर्चचे. आमच्यात प्रार्थना असते, उपवास असतो, पण 'तू हे दे, मी ते देईन' असा व्यवहार देवाशी करायचा नाही, हे संडे स्कूलपासून डोक्यात बसलेलं. (खरं सांगायचं तर दवाखान्याच्या जिन्यात मी असे चार-पाच व्यवहार करून ठेवले होते. त्यातला एक मिसळ सोडण्याचा. तो मी पाळलेला नाही.)

ह्यांना लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर झाला होता. मानेतली गाठ दाढेमुळे असेल म्हणून दोन महिने अंगावर काढली, तीच ती. सहा केमो, दर 21 दिवसांनी एक. पहिलं सलाईन इतकं सावकाश सोडतात की सकाळी बसलेला माणूस संध्याकाळी उठतो. मग ते लाल औषध, ज्यानं लघवीसुद्धा लाल होते. आधी कुणी सांगितलं नसेल तर पाय लटपटतातच. नंतरचे पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या. त्या दिवसांत हे रात्री दोनला उठून पांढरा रस्सा मागायचे. आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली आल्या की बाहेरचं सगळं बंद, घरातही मास्क.

शेवटच्या स्कॅननंतर डॉक्टर 'रेमिशन' म्हणाले. मी विचारलं, "म्हणजे बरे झाले ना?" ते म्हणाले, "आत्ता आजार दिसत नाही. हा परत आला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत येतो. तोवर तपासण्या चुकवायच्या नाहीत."

आता हे चर्चमध्ये कसं सांगायचं? मंडळी मागे लागली होती, रविवारी साक्ष द्या, प्रभूनं केवढं मोठं कार्य केलं. केलं, मी नाही म्हणत नाही. पण केमोच्या खोलीत आमच्या शेजारच्या खुर्चीत एक बाई बसायच्या, माझ्याच वयाच्या. त्यांच्या घरीही रात्र रात्र प्रार्थना चालायची. आमच्या पाचव्या केमोला ती खुर्ची रिकामी होती. त्या बाईंचा नवरा समोर बसला असता तर मी 'प्रभूनं ऐकलं' हे कुठल्या तोंडानं बोलले असते? दोन रविवार मी तब्येतीचं कारण सांगून टाळले.

दिंडीचं ऐकून सासूबाईंनी जेवण बाजूला सारलं. त्या मिशन कंपाउंडात वाढलेल्या. "मूर्तीपुढं उभी राहणार तू?" मी पाळकसाहेबांना विचारलं. ते हसले. "चालायला कोण नको म्हणतंय? हात जोडायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा." ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आले, याची त्यांनी आठवण करून दिली. आणि सासूबाईंना विचारलं, "आजी, मुलाच्या उशाशी रोज कुठलं स्तोत्र म्हणत होता?"

"एकशे एकविसावं."

"ते कशाचं आहे ठाऊक आहे? 120 ते 134, ही पंधरा स्तोत्रं यरुशलेमेला सणाला चालत जाणाऱ्या यात्रेकरूंची. वाटेत म्हणायची."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. एकादशीच्या पहाटे मात्र त्यांची छत्री माझ्या चपलांशेजारी ठेवलेली होती.

पाऊस होताच. मिरजकर तिकटीवरून दिंडी निघाली. टाळ-मृदंग आम्हाला परके नाहीत, चर्चच्या भजनी मंडळातही ते वाजतात. त्यामुळे पाय आपसूक ठेक्यात पडायला लागले आणि त्याचीच मला थोडी लाज वाटली. हे फक्त रंकाळ्यापर्यंत सोबत येणार होते. केमोतल्या एका औषधानं त्यांच्या पायांची बोटं बधिर झालीत. जमीन गार आहे की गरम, ओली की कोरडी, काही कळत नाही. रंकाळा मागे पडला तरी हे चालतच होते. साने गुरुजी वसाहतीपाशी मागून एक पोरगं धावत आलं, हातात चप्पल. "काका, तुमची हाय न्हवं?" ह्यांनी खाली बघितलं. उजवा पाय अनवाणी होता. केव्हापासून, देव जाणे.

'तो तुझा पाय ढळू देणार नाही,' असं त्या एकशे एकविसाव्या स्तोत्रात आहे. चपलेबद्दल काही नाही.

"आता रिक्षा करा," मी म्हटलं. "पुईखडीपर्यंत येतो. रिंगण बघतो आणि जातो."

पुईखडीच्या माळावर ही गर्दी. चिखल, छत्र्या, भगव्या पताका. घोडा धावून गेला तसे लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला पुढे झाले. आम्ही कडेला होतो. तेवढ्यात एक म्हातारा वारकरी ह्यांच्यासमोर आला, "माउली" म्हणाला आणि वाकून पायाला हात लावला. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात हे मला माहीत होतं, ह्यांना नव्हतं. आमच्याकडे आपलं हस्तांदोलन. हे गोंधळले. मग हेही वाकले, अगदी खालपर्यंत, कशाचा आधार न घेता. सहा महिन्यांत मी त्यांना असं वाकलेलं बघितलं नव्हतं; बुटाची नाडीसुद्धा मीच बांधत होते.

म्हातारा पुढे निघून गेला. हे तिथंच उभे. म्हणाले, "त्यानं हात लावलेला दिसला मला. पायाला कळलाच नाही." आणि रडायला लागले. पावसात ते कुणाला कळलं नसेल, मला कळलं. निदान झालं त्या दिवशीही हे रडले नव्हते. मी छत्री धरून उभी राहिले. प्रार्थना सुचली नाही. काय वाटलं ते मला आजही नीट मांडता येत नाही, पण साक्ष म्हणून माझ्याकडे आहे ते एवढंच आहे.

रिक्षा केली नाही. पुढची वाट मला फारशी आठवत नाही. कुणीतरी राजगिऱ्याचे लाडू दिले, एका वळणावर काकींचा गुडघा धरला, तिथं पाच मिनिटं बसलो.

नंदवाळला दर्शनाची रांग लांबलचक होती. काकी रांगेत गेल्या. आम्ही दोघं बाहेर त्यांच्या चपला सांभाळत थांबलो. आत चला असं त्या म्हणाल्या नाहीत, आम्हीही विचारलं नाही. मनात मी त्या रिकाम्या खुर्चीतल्या बाईंचं नाव घेतलं.

तासाभरानं काकी बाहेर आल्या, कपाळाला बुक्का. हातातला प्रसाद पुढे करावा की नको अशा घोटाळल्या. ह्यांनीच हात पुढे केला.

"फिटला ना नवस?" मी विचारलं.

"एवढ्यात? तीन आषाढ्या बोललीया मी. अजून दोन हाईत." चपला पायात सरकवत त्या ह्यांच्या पायांकडे बघून म्हणाल्या, "फुडल्या येळंला भाऊंना बूट घाला म्हणावं."